ब्लेक्स सेव्हन

बीबीसीने २ जानेवारी १९७८ ते २१ डिसेंबर १९८१ या काळात प्रक्षेपित केलेली, प्रत्येकी तेरा भागांच्या चार पर्वांत मिळून ५२ भागांची इंग्रजी विज्ञानकथा-मालिका. तिचा जनक टेरी नेशन (१९३०–९७) हा वेल्समधील कार्डिफचा लेखक असून पहिल्या पर्वाचे तेराही भाग त्याने एकट्याने लिहिले. प्रमुख भूमिका गॅरेथ टॉमस (ब्लेक), पॉल डॅरो (अ‍ॅव्हन) व जॅकलीन पिअर्स (सर्व्हलन) यांनी केल्या.

दूरच्या भविष्यकाळी पृथ्वीवर आणि तिच्या वसाहतींवर ‘फेडरेशन’ नामक सत्तेचा निरंकुश अंमल आहे. ‘द वे बॅक’ या पहिल्याच भागात त्याचे यथार्थ दर्शन घडते. प्रजा घुमटबंद नगरांत राहते, तिच्या अन्नपाण्यात मन बधिर करणारे औषध मिसळलेले असते आणि घुमटाबाहेर पाऊल टाकणे हा अपराध ठरतो. रॉय ब्लेक हा एके काळचा बंडखोर पुढारी. परंतु सरकारने त्याची स्मृतीच पुसून टाकल्यामुळे आपण कोण होतो, हे त्याला ठाऊक नाही. दूरच्या वसाहतीत सुखरूप असल्याचे त्याला भासवण्यात आलेले त्याचे आप्त वस्तुतः केव्हाच मारले गेलेले असतात. घुमटाबाहेर भरलेल्या गुप्त सभेत जमलेल्या निःशस्त्र माणसांची सैनिक त्याच्या डोळ्यांदेखत कत्तल करतात. मात्र त्याच्यावर मुकदमा चालतो तो राजद्रोहाचा नव्हे, बालकांवरील अत्याचाराचा. कारण राजद्रोही म्हणून शिक्षा भोगणाऱ्यास लोक हुतात्मा मानतील, पण अशा आरोपाने कलंकित झालेल्याच्या बाजूने कोणी उभा राहणार नाही, हे सत्ताधीश पुरते ओळखून आहेत. त्या बालकांच्या मनांतही खोट्या आठवणी रुजवलेल्या असल्याने साक्ष निर्दोष दिसते, न्यायालयाचे सारे उपचार यथासांग पार पडतात आणि ब्लेकला सिग्नस आल्फा या दूरच्या ग्रहावर हद्दपारीची, म्हणजे एका परीने काळ्या पाण्याची, शिक्षा होते. सत्याचा माग काढणारा त्याचा वकील व वकिलाची पत्नी यांचीही हत्या होते, आणि ब्लेकला घेऊन निघालेले बंदिवानांचे यान पृथ्वीपासून दूर जात असता हा भाग संपतो.

पुढे चोर, तस्कर, फसवणुकीबद्दल शिक्षा झालेला संगणकतज्ज्ञ अ‍ॅव्हन अशा सहबंद्यांसह ब्लेक ‘लिबरेटर’ या परकीय यानातून लढा आरंभतो. दुसऱ्या पर्वात शत्रूचे मध्यवर्ती नियंत्रणकेंद्र नष्ट करण्यासाठी तो पृथ्वीवरील तळघरात जिवावर उदार होऊन शिरतो, तेव्हा समोर येते ती केवळ एक रिकामी खोली. केंद्र फार पूर्वीच अन्यत्र हलवलेले असते आणि या निष्फळ मोहिमेत गॅन हा सहकारी प्राणास मुकतो. ‘स्टार वन’ नामक खऱ्या केंद्राचा ठाव लागल्यावर त्याहून कठीण प्रश्न उभा राहतो : ते उद्ध्वस्त केल्यास त्यावर विसंबून असलेली असंख्य निरपराध माणसे मरतील, मग अशा विजयाचा अधिकार मुक्तिदात्यास तरी कोणी दिला? चौथ्या पर्वात जिंकलेल्या ग्रहांवरील प्रजेची प्रतिकाराची इच्छाच मारून टाकणारे ‘पायलीन-५०’ हे औषध येते, आणि घुमटातील जुनी युक्ती साम्राज्यविस्ताराचे हत्यार बनते.

अंतिम भागात, दीर्घ काळ परस्परांना अंतरलेले ब्लेक आणि अ‍ॅव्हन समोरासमोर येतात. ब्लेकने आपल्याला शत्रूच्या हाती विकले, असा गैरसमज होऊन अ‍ॅव्हन त्याला स्वतःच्या हाताने गोळ्या घालतो. वस्तुतः हेर निराळाच असतो. एकामागून एक सहकारी कोसळतात, सैनिकांनी वेढलेला अ‍ॅव्हन शस्त्र उचलतो, पडदा काळा होतो आणि केवळ गोळीबाराचे आवाज ऐकू येतात.

हुकूमशाहीचे भय बंदुकीपुरतेच मानणाऱ्या कथा पुष्कळ आहेत. स्मृती, अब्रू आणि परस्परविश्वास या माणसाच्या तीन ठेवी हिरावून घेणारी सत्ता या मालिकेने दाखवली, आणि त्यांतही तिसऱ्या ठेवीची हानी सर्वांत भयंकर ठरवली. कारण ब्लेकचा जीव घेणारी गोळी फेडरेशनच्या सैनिकाने झाडलेली नव्हती.