पॉलिशचा तांदूळ आणि बेरीबेरी

भाताच्या दाण्यावर बाहेरून तूस असते, त्याखाली कोंड्याचा पातळ थर आणि एका टोकाला अंकुर. उखळात मुसळाने सडले की तूस निघते, कोंडा मात्र बराचसा राहतो. पाखडल्यावर उरणारा हातसडीचा तांदूळ मळकट दिसतो आणि फार टिकत नाही, कारण कोंड्यातले तेल खवट होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियात वाफेच्या गिरण्या पसरल्या आणि त्यांनी कोंडा व अंकुर दोन्ही घासून काढले. पांढराशुभ्र, टिकाऊ तांदूळ जहाजांवर, बराकींत, तुरुंगांत पोहोचला आणि त्याच्या मागोमाग बेरीबेरी आली. आधी पायांना मुंग्या, मग बधिरता, पोटऱ्या लुळ्या पडणे, अंगावर सूज आणि शेवटी हृदय थकून मृत्यू.

जपानला हे दुखणे गिरण्यांच्या आधीपासून माहीत होते. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, पांढरा भात खाणारे सामुराई आजारी पडत आणि गावी परतले की बरे होत. 1882-83 मध्ये रयूजो या युद्धनौकेवरील 376 जणांपैकी 169 जणांना बेरीबेरी झाली आणि 25 दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी 1884 मध्ये त्याच मार्गाने गेलेल्या त्सुकुबा नौकेवर मांस, दूध, भाज्या असा शिधा दिला. त्या सफरीत बेरीबेरीने कोणीही मेले नाही. दोष प्रथिनांच्या कमतरतेचा आहे, हा ताकाकींचा तर्क चुकीचा होता, पण उपाय बरोबर निघाला. भूदलाच्या डॉक्टरांनी तो मानला नाही. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात बेरीबेरीने सुमारे 27 हजार जपानी सैनिक गेले. माहीत असलेला उपाय नाकारल्यामुळे झालेली ही जीवितहानी वैद्यकाच्या इतिहासात अक्षम्यच म्हणावी लागेल.

बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डच डॉक्टर क्रिस्तियान आयकमान बेरीबेरीचा जंतू शोधत होते. त्यांच्या कोंबड्या अचानक लंगडू लागल्या, पाय दुमडून पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप सावरल्या. चौकशीअंती कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो देणे बंद केले तेव्हा त्या बऱ्या झाल्या. मग माणसांतही असेच होते का, हे पाहण्यासाठी तुरुंगांकडे लक्ष गेले. डॉक्टर आडॉल्फ फोर्डरमान यांनी जावा-मदुरातल्या तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ देणाऱ्या 51 तुरुंगांपैकी 36 मध्ये बेरीबेरी आढळली. कोंड्यासह तांदूळ देणाऱ्या 37 पैकी फक्त एका तुरुंगात. तरीही आयकमान भातातल्या विषाबद्दलच बोलत राहिले. शरीरात काही गेल्याने आजार होतो, एवढेच त्या काळच्या वैद्यकाला सुचत होते. काही न मिळाल्यानेही होतो, हे 1901 मध्ये त्यांचे उत्तराधिकारी गेरिट ग्राइन्स यांनी मांडले.

भारतात आंध्रच्या किनारपट्टीवर बेरीबेरी होती, कारण तिथे गिरणीचा कच्चा (आधी न उकडलेला) तांदूळ खाल्ला जाई. उकडा तांदूळ खाणारे प्रदेश मात्र तिच्यापासून बरेचसे वाचले. कोकण-गोव्यात पेजेसाठी हाच तांदूळ लागतो. भात आधी भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग कांडतात. उकडताना कोंड्यातले जीवनसत्त्व दाण्याच्या गाभ्यात मुरते, त्यामुळे नंतर दाणा घासला तरी ते पुष्कळसे टिकते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यातही (1915-16) धान्याने असाच फरक दाखवला. तिथे अडकलेल्या ब्रिटिश फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाली; कोंड्यासह पीठ खाणारे हिंदी शिपाई बहुतांशी वाचले. ताज्या भाज्या न मिळाल्याने आणि मांस न खाल्ल्याने त्यांना स्कर्व्हीने मात्र गाठले.

बटाव्हियातच यान्सेन आणि डोनाथ यांनी 1926 मध्ये हे जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, स्फटिकरूपात वेगळे केले. पिष्टापासून ऊर्जा मिळवायला ते लागते आणि मेंदू प्रामुख्याने ग्लुकोजवरच चालतो. म्हणून त्याच्या कमतरतेची झळ मनालाही बसते. 1940 च्या सुमारास अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी काही स्त्रियांच्या आहारातून थायमिन कमी केले. काही आठवड्यांत त्या चिडचिड्या, भांडखोर, उदास झाल्या आणि त्यांचे कामात लक्ष लागेना. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला जपानच्या कैदेत असलेल्या युद्धकैद्यांमध्ये परिणाम याहून भीषण होता. पांढऱ्या भातावर जगणाऱ्या या कैद्यांना आधी उलट्या होत, मग डोळ्यांची बुबुळे थरथरत, शेवटी सुस्ती येई आणि स्मृती जाई. द वार्डेनर आणि लेनॉक्स यांनी अशा 52 रुग्णांची नोंद 1947 मध्ये प्रसिद्ध केली.

थायमिन कृत्रिमरीत्या तयार केले ते 1936 मध्ये, नेल्लोरला जन्मलेल्या रॉबर्ट विल्यम्स यांनी. 1948 पासून फिलिपाइन्सच्या बटान प्रांतात ते तांदळात मिसळले गेले आणि तिथले बेरीबेरीचे मृत्यू झपाट्याने घटले. कोंड्याबरोबर गेलेला चोथा, तेल आणि बरीचशी खनिजे मात्र अशा तांदळात परत आली नाहीत.