खुर्चीवरची नक्षी आणि गुलामांचे लाकूड

ब्रिटनमधल्या जुन्या जहाज कंपन्यांच्या संचालकांच्या खुर्च्या पाहा. पाठीवर नांगर, हातांवर डॉल्फिन, कडेला शिंपले आणि पीळ दिलेला दोर. लिलावात या कोरीव कामाचे कौतुक होते आणि किंमत चढते. आपला प्रश्न वेगळा आहे. हे लाकूड कोणी तोडले?

१८०५ मध्ये ट्रॅफल्गरच्या लढाईत ब्रिटिश आरमार जिंकले, सेनापती नेल्सन मारला गेला. त्यानंतर पाठीच्या पट्टीला दोराचा पीळ असलेल्या खुर्च्यांची टूम निघाली. त्यांचे नावच ‘ट्रॅफल्गर खुर्ची’ पडले. याच नेल्सनने त्याच वर्षी जमैकाच्या एका बड्या मळेवाल्याला पत्र लिहून गुलामांचा व्यापार बंद करू पाहणाऱ्या विल्बरफोर्सवर आग पाखडली होती. विजयाची खूण लाकडात उतरली, हे मात्र उतरले नाही.

आता लाकडाकडे या. श्रीमंत खुर्चीचे लाकूड म्हणजे महोगनी. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींच्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैकाची महोगनी लंडनला येऊ लागली. पुढे होंडुरासच्या आखातातून, म्हणजे आजच्या बेलीझमधून ती येऊ लागली. तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम जंगलात झाड हेरत, माचाण बांधून कुऱ्हाड चालवत. दिवसा उन्हाने बैल टिकत नसत, म्हणून मशालींच्या उजेडात रात्रभर ओंडके ओढले जात. पावसाळ्यात नदी फुगली की ते समुद्राकडे सोडले जात.

कोणी म्हणेल, यात सुताराचा काय दोष? काहीच नाही. कोरणारा हातही कष्टकऱ्याचाच. दोष त्या इतिहासाचा, जो बसणाऱ्याचे नाव लिहितो आणि तोडणाऱ्याचे पुसतो.

१८३३ मध्ये ब्रिटनने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, ती गुलामांना नव्हे, मालकांना! त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब २०१५ मध्ये मिटला. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना एक पैही मिळाली नाही.

मित्रांनो, महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. दूरच्या गुलामाची बेडी त्यांना आपली वाटली. ती नजर आपला वारसा आहे. संग्रहालयात अशी खुर्ची दिसली, तर नक्षीपाशी थांबू नका. लाकूड कुठले आणि घाम कोणाचा, ते विचारा.

जय भीम!