इंधनमापक (जुळणीच्या मोटारीतील)

टाकीत किती पेट्रोल वा डिझेल शिल्लक आहे हे चालकासमोर दाखवणारे विद्युत उपकरण. त्याचे भाग दोन: डॅशबोर्डवरचा काटा आणि टाकीत बसणारा सेंडर, म्हणजे गॅरेजमधल्या बोलण्यातला ‘फ्लोट’. कारखान्यातून आलेल्या गाडीत हे दोन्ही एकमेकांसाठीच घडवलेले असतात. सुटे भाग जमवून बांधलेल्या गाडीत मात्र टाकी एका गाडीची, फ्लोट दुसऱ्या गाडीचा आणि काटा जुन्या बाजारातला असतो. म्हणून इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते, पण काटा महिनोन्‌महिने खोटे बोलतो.

सुटे भाग विकत घेऊन घरी गाडी जुळवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रुजली, कारण तिथे तयार गाडीवर खरेदीकर होता आणि सुट्या संचावर नव्हता. १९५७ सालची लोटस सेव्हन हे तिचे ठळक उदाहरण. भारतात हा छंद कायद्यातच अडतो. गाडी रस्त्यावर आणायची तर नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेची मान्यता लागते. नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिक कडक शब्दांत मांडले. त्यामुळे आपल्याकडची जवळची उदाहरणे म्हणजे लहान कारखान्यांच्या गाड्या: अलिबागजवळ बनलेली, अँबॅसडरमधले इसुझूचे १.८ लिटर इंजिन वापरणारी चिंकारा रोडस्टर, आणि रेनोच्या इंजिनाची, फायबरग्लास बॉडीची सॅन स्टॉर्म. याशिवाय नव्याने बांधलेल्या जुन्या जीप. गोव्यात जीए-११ (पेडणे) किंवा जीए-०४ (डिचोली) क्रमांकाची जुनी जीप उभी करणाऱ्यालाही काट्याच्या याच अडचणी येतात.

कार्य सोपे आहे. फ्लोट इंधनाबरोबर वरखाली होतो, त्याची दांडी रोधक तारेवर एक संपर्क सरकवते आणि रोध बदलतो. विजेचा प्रवाह इग्निशन स्विचमधून काट्यात, तिथून सेंडरमध्ये आणि शेवटी अर्थला जातो. रोधाच्या पद्धती मात्र अनेक. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम. युरोपात रूढ असलेल्या एका पद्धतीत उलट, रिकामी १० आणि भरलेली १८०. जनरल मोटर्सच्या गाड्यांत बराच काळ ० ते ९०. पहिल्या पद्धतीचा काटा दुसऱ्या पद्धतीच्या सेंडरला जोडला की टाकी भरताना काटा खाली उतरतो. मध्ये जादा रोध घालून हे सुटत नाही, कारण दिशाच उलटी असते. जोडी बदलणे हाच उपाय. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या द्विधातू काट्यांना आणखी एक पथ्य आहे: त्यांना सुमारे १० व्होल्टचा स्थिरकारक लागतो. थेट १२ व्होल्ट दिले तर काटा पेट्रोल जास्त दाखवतो आणि गाडी रस्त्यात उभी राहते.

पुष्कळ तक्रारींचे मूळ अर्थिंगमध्ये सापडते. लोखंडी बॉडीच्या गाडीत टाकी पट्ट्यांनी कसली की ती आपोआप अर्थ होते. फायबरग्लासमधून वीज जात नाही. शिवाय टाकीखाली रबराच्या पट्ट्या असतील तर लोखंडी चेसिसशीही तिचा संबंध तुटतो. अशा वेळी सेंडरच्या चकतीच्या एका स्क्रूपासून चेसिसपर्यंत वेगळी वायर न्यावी. चेसिसवरचा रंग खरवडून तिथे उघडे लोखंड दिसेपर्यंत घासावे, टर्मिनल कसावे आणि वरून ग्रीस लावावे. मोरजी, हरमल, केरी या पेडण्याच्या किनाऱ्यावर खारा वारा उघडा सांधा फार दिवस टिकू देत नाही, म्हणून ग्रीस विसरू नये.

फ्लोट टाकीत घालण्याआधी हातात धरून तपासावा. वायरी तात्पुरत्या जोडाव्यात, स्विच चालू करावा आणि दांडी हळूहळू तळापासून माथ्यापर्यंत न्यावी. काटा झटके न खाता पूर्ण फिरला तर जोडी जुळली. मध्येच पडला तर रोधक तार झिजलेली आहे. ही चाचणी पेट्रोलपासून दूर, मोकळ्या जागी करावी. बॅटरीची वायर सेंडरला थेट लावू नये. दोहोंच्या मध्ये काटा जोडलेला असला तरच प्रवाह मर्यादित राहतो. वापरलेल्या टाकीला ड्रिलने भोक पाडणे किंवा झाळणे हा जिवाशी खेळ आहे: भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक धोक्याची. ते काम टाकी नीट साफ करून देणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

दांडीची लांबी टाकीच्या खोलीवर ठरते. फ्लोट तळाला टेकता कामा नये, वर पत्र्याला अडकता कामा नये, आतल्या आडव्या पत्र्यांनाही लागता कामा नये. सेंडर शक्यतो टाकीच्या मध्यावर बसवावा. कोपऱ्यात असला तर साखळीहून चोर्ला घाटाकडे चढताना काटा एक सांगतो आणि उतरताना दुसरे. पॅकिंग नायट्राइल रबराचे, इथेनॉल सोसणारे घ्यावे. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून साधे रबर फुगून गळते.

गोव्याच्या सीमाभागात काट्याचा तळाचा चतुर्थांशच सर्वांत महत्त्वाचा. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले. पुढे कर वाढला, तरी महाराष्ट्रापेक्षा गोव्यातले पेट्रोल स्वस्तच राहिले. बांद्याकडून पत्रादेवीला किंवा दोडामार्गकडून डिचोली तालुक्यात येणारे लोक टाकी मुद्दाम रिकामी होऊ देतात आणि सीमा ओलांडून भरतात. पावसाळ्यात ही सवय अंगाशी येते: रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होते, ते तळाशी साचते आणि सेंडरची दांडी गंजवते.

म्हणून जुळणीनंतर एकदा तरी टाकी पूर्ण रिकामी करून पाच-पाच लिटर मोजून भरावी आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवावे. जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली, आकाराने वेडीवाकडी. तिथे काटा अर्ध्यावर असला म्हणजे इंधनही अर्धे असेल असे नाही. हा कागद गाडीतच ठेवा. छापील खुणांपेक्षा त्यावरचे आकडे अधिक विश्वासाचे.