न बनलेल्या विमानाचा इतिहास कसा लिहायचा?

"जे इमान बनलंच नाही, त्याच्यावर पीएचडी कायची करून राह्यला बाप्पा तू?"

दिवाळीत झरी जामणीला घरी गेलो होतो. ओसरीवर बसून लॅपटॉपवर एका जर्मन विमानाचा आराखडा बघत होतो, तेव्हा मोठेबाबांनी हे विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगतो, हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला होता. पहिल्यांदा तो संशोधन समितीसमोर आला. माझ्या स्लाइडवर लिहिलं होतं, 'या विमानाचा वेग ताशी १००० किलोमीटर होता.' समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "कोणी मोजला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रकरण परत आलं आणि सहा महिने गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

आधी ते विमान काय होतं ते बघू. १९४३ मध्ये जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याने एक मागणी ठेवली: १००० किलो बॉम्ब, १००० किलोमीटर अंतर, ताशी १००० किलोमीटर वेग. तीन हजारांची ही मागणी कानाला छान लागते, आणि तिथेच आपण सावध व्हायचं. इतके गोल आकडे मोजमापातून येत नाहीत, इच्छेतून येतात. फोके-वुल्फ कंपनीने युद्धाच्या अखेरच्या काळात या मागणीसाठी दोन जेट इंजिनांच्या बॉम्बरचे तीन आराखडे केले. 'ए' नेहमीच्या घडणीचा, म्हणजे धड, मागे झुकलेले पंख आणि शेपूट असलेला. 'बी' म्हणजे नुसता उडता पंख, वेगळी शेपूटच नाही. 'सी' पुन्हा 'ए'च्या वळणाचा. १९४५ मध्ये जर्मनी हरला आणि तिघंही कागदावरच राहिले.

आता माझी चूक नीट बघा. मी तिन्ही आराखड्यांचा तक्ता केला होता आणि कोणता 'जास्त चांगला' हे ठरवत बसलो होतो. पण जी विमानं उडालीच नाहीत त्यांची शर्यत लावून काय हाती लागणार? विचारायचा प्रश्न वेगळा होता: एकाच मागणीला तीन उत्तरं का? कारण प्रश्न सुटलेला नव्हता. एवढ्या वेगाला शेपटीचा आधार हवा की ती नुसतं ओझं ठरेल, यावर कंपनीच्या आतच निर्णय झालेला नव्हता. आराखड्याचे प्रकार म्हणजे त्या न संपलेल्या वादाचा पुरावा. तसं वाचलं की कागद बोलायला लागतो.

दुसरी गोष्ट, कागदावरचा आकडा नेहमी प्रत्यक्ष उडालेल्या विमानाशेजारी ठेवा. त्याच काळात जर्मनीचं आराडो २३४ हे जेट बॉम्बर खरोखर युद्धात उतरलं होतं. त्याचा वेग ताशी साधारण ७४० किलोमीटर. मग उरलेले अडीचशे कुठून येणार होते? हाइंकेलच्या ०११ या नव्या इंजिनातून. त्या इंजिनाचे जेमतेम काही नमुने तयार झाले, कारखान्यातलं नियमित उत्पादन सुरूच झालं नाही. म्हणजे न बनलेलं विमान न बनलेल्या इंजिनावर उभं होतं. 'हे बनलं असतं तर जर्मनी जिंकला असता' अशा छापाचे व्हिडिओ बघताना एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

तुम्ही म्हणाल, यात आपलं काय? सांगतो. फोके-वुल्फच्या आराखडा विभागाचा प्रमुख होता कुर्ट टँक. युद्धानंतर तो आधी अर्जेंटिनात गेला आणि १९५६ मध्ये बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आला. त्याच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं एचएफ-२४ 'मरुत' १७ जून १९६१ रोजी उडालं. ध्वनीच्या दुप्पट वेगाचा विचार करून ते आखलं होतं. पण ज्या ऑर्फिअस १२ इंजिनाच्या भरवशावर आखलं, त्या इंजिनाचं काम ब्रिटनमध्ये बंद पडलं. पुढे पैसे घालायला ना ब्रिटन तयार होता, ना भारत. मग कमी ताकदीचं ऑर्फिअस ७०३ बसवावं लागलं, आणि मरुत ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडकलं. तरी १४७ मरुत बनले आणि १९७१ च्या युद्धात लढलेही.

याच गोष्टीत एक मराठी माणूस आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे. १९३६ मध्ये त्यांनी गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली. जर्मनीतलं मागे झुकलेल्या पंखांवरचं महत्त्वाचं संशोधन पुढे याच गावात झालं. घाटगे मात्र परतून बेंगळुरूला आले. त्यांच्या हाताखाली एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१ मध्ये उडालं, आणि 'किरण' हे जेट १९६४ मध्ये. किरणसाठी त्यांनी व्हायपर हे आधीच तयार असलेलं इंजिन धरलं. शिकाऊ विमानाची गरज लहान असते, त्यामुळे मरुतशी थेट तुलना करणं अन्यायाचं होईल. पण हातात असलेल्या इंजिनावर आखणं आणि येणार असलेल्या इंजिनावर आखणं, यातला फरक दोघांच्या कामात स्वच्छ दिसतो.

दिवाळीच्या त्याच संध्याकाळी हे सगळं मोठेबाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्या वावरातून कालवा जाईन म्हणत होते. मोजणी झाली, खुट्या ठोकल्या. मी इहिरीचं खोदकाम थांबवलं. म्हटलं, पाणी येऊनच राह्यलं, तं खर्च कायले?" कालवा आला नाही. विहीर पूर्ण व्हायला पुढे चार वर्षं लागली.

माझ्या प्रबंधाचं उत्तर मला तिथे मिळालं. न बनलेल्या गोष्टीचा वेग मोजता येत नाही, पण तिच्या भरवशावर लोकांनी काय केलं आणि काय थांबवलं ते शोधता येतं. मरुतचं धड न आलेल्या इंजिनाची वाट बघत आखलं गेलं, तशीच आमची विहीर न आलेल्या कालव्याची वाट बघत राहिली.

म्हणून न झालेल्या कशावरही काम करणार असाल, तर तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हा आकडा मोजलेला आहे की मागितलेला? एकापेक्षा जास्त आराखडे असतील, तर भांडण कशावरून होतं? आणि हे होणार असं धरून कोणी काय केलं?

स्लाइडवरचं ते वाक्य मी बदललं आहे. आता तिथे आहे, 'या विमानाकडून ताशी १००० किलोमीटर वेगाची अपेक्षा होती.' फरक थोड्या शब्दांचाच आहे, पण प्रकरण मंजूर झालं.