जनरल मोटर्स दोनदा गेली

शिरूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा नदी वाहते. अलीकडच्या तीरावर वडगाव रासाई, पलीकडे दौंड तालुका, आणि दोन्ही बाजूंना ऊस. या गावाचा मेक्सिकोशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तथापि तळेगाव दाभाडे आणि चाकण परिसरातील इंद्रायणीचे पाणी तुळापूरला भीमेत मिसळते आणि पुढे याच गावावरून वाहत जाते. ज्या पट्ट्यातून ते येते, त्याच पट्ट्यात भारतातील मोटारउद्योगाचा एक मोठा भाग एकवटला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मेक्सिकोच्या संसदेने, ज्या देशांशी आपला मुक्त व्यापार करार नाही अशा देशांतून येणाऱ्या मोटारींवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. भारत त्या देशांपैकी एक. चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनच्या मोटारी अनेक वर्षे मेक्सिकोला जात आल्या आहेत. तेव्हा या निर्णयाची झळ भीमेच्या खोऱ्यापर्यंत पोहोचते, हे उघड आहे.

मोटारींचे कारखाने एका देशातून उठून दुसऱ्या देशात जातात तेव्हा दोन्हीकडे वाद पेटतो. अमेरिकेत तो गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे. आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा बहुधा 'परकीय गुंतवणूक आली' या एकाच अंगाने होते. गेलेल्या कारखान्याची नोंद फारशी ठेवली जात नाही. ती ठेवायची तर जनरल मोटर्स या एकाच कंपनीचा महाराष्ट्रातील इतिहास पुरेसा बोलका आहे. ही कंपनी महाराष्ट्रातून एकदा नव्हे, दोनदा गेली.

शिवडी ते तळेगाव

भारतातील मोटार जुळणीचा पहिला कारखाना जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुरू केला. परदेशातून पेट्यांत बंद होऊन आलेले भाग येथे जोडले जात आणि शेव्हर्ले मोटारी व मालवाहू गाड्या रस्त्यावर उतरत. स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे प्रश्न आला तो असा, की नुसती जुळणी म्हणजे उत्पादन मानायचे काय? जकात आयोगाने १९५३ मध्ये उत्तर दिले की, टप्प्याटप्प्याने येथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे नाही त्यांनी काम आवरते घ्यावे. त्या काळच्या भारतीय बाजारपेठेचा आकार पाहता असा कार्यक्रम हाती घेणे जनरल मोटर्सला परवडणारे नव्हते. १९५४ मध्ये कंपनीने शिवडीतील काम थांबवले. फोर्डनेही तीच वाट धरली.

मोकळ्या झालेल्या जागेचा लाभ देशी उत्पादकांना झाला. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कुर्ल्याचा कारखाना त्यांपैकी एक. इटलीच्या फियाटच्या परवान्यावर तेथे तयार झालेली मोटार पुढे 'पद्मिनी' म्हणून घराघरांत आणि मुंबईच्या टॅक्सीतळांवर पोहोचली. संरक्षणाच्या धोरणामुळे ही मोटार जगली, आणि त्याच धोरणामुळे ती पस्तीस वर्षांत फारशी बदललीही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि संरक्षणाचे समर्थक पहिली तर विरोधक दुसरी सांगतात.

जनरल मोटर्स पुन्हा भारतात आली ती नव्वदच्या दशकात, उदारीकरणानंतर. प्रथम गुजरातेत हालोल येथे, आणि सप्टेंबर २००८ मध्ये तळेगाव येथे. (शिरूर तालुक्यातही एक तळेगाव आहे, ढमढेऱ्यांचे. हा कारखाना मावळातील दाभाड्यांच्या तळेगावात.) येथे स्पार्क आणि पुढे बीट या लहान मोटारी तयार होऊ लागल्या, २०१० मध्ये इंजिनांचा विभागही सुरू झाला. मोटारी चांगल्या होत्या, पण त्या खपल्या नाहीत. भारतीय बाजारपेठेतील कंपनीचा वाटा एक टक्क्याच्याही खाली घसरला. २०१५ मध्ये एक अब्ज डॉलरच्या नव्या गुंतवणुकीची घोषणा करणाऱ्या कंपनीने १८ मे २०१७ रोजी, वर्षअखेरपर्यंत भारतातील विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच सुमारास तिने युरोपातील ओपल विकली आणि दक्षिण आफ्रिकेतूनही अंग काढून घेतले. म्हणजे निर्णय डेट्रॉईटचा होता, जागतिक होता. तळेगाव हे त्यातील एक नाव.

तळेगावचा कारखाना मात्र त्यानंतरही तीन वर्षे चालला, तो केवळ निर्यातीवर. २०१६-१७ या वर्षात कंपनीने भारतात सुमारे २६ हजार मोटारी विकल्या आणि सुमारे ७१ हजार निर्यात केल्या, यावरून तराजू कोणीकडे झुकला होता ते दिसते. डावीकडे चालकाचे आसन असलेली बीट मेक्सिको व लॅटिन अमेरिकेतील इतर देशांकडे रवाना होत असे. येथे वादाची खरी गुंतागुंत सुरू होते. १ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अमलात आल्यापासून ओहायो किंवा मिशिगनच्या कामगाराच्या लेखी मेक्सिको म्हणजे आपले काम पळवणारा देश. पण मेक्सिकोच्या रस्त्यावर धावणारी लहान शेव्हर्ले तयार होत होती मावळात. प्रत्येक 'परदेश' हा दुसऱ्या कोणाचा तरी स्वदेश असतो आणि त्याच्याही पलीकडे आणखी एक स्वस्त परदेश असतो.

२४ डिसेंबर २०२० रोजी तळेगावातील उत्पादन थांबले. पुढे मेक्सिकोत शेव्हर्लेच्या लहान मोटारी चीनमधून येऊ लागल्या.

कारखाना गेला, कामगार राहिले

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या प्रकरण पाच-ब नुसार शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेला कारखाना सरकारच्या पूर्वपरवानगीविना बंद करता येत नसे. २०२१ च्या प्रारंभी राज्य सरकारने तळेगावसाठी ही परवानगी नाकारली. त्यामुळे कारखाना कायद्याने चालू आणि प्रत्यक्षात बंद अशी अवस्था झाली. एप्रिल २०२१ मध्ये चौदाशेहून अधिक कामगारांना 'ले-ऑफ' देण्यात आला. ले-ऑफच्या काळात कायद्याप्रमाणे मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. त्यावर गृहकर्जाचा हप्ता आणि मुलांची शाळा भागवणे म्हणजे काय, हे चाकण-तळेगाव पट्ट्यात सांगावे लागत नाही.

कारखान्याला गिऱ्हाईक नव्हते असे नाही. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी २०२० मध्येच खरेदीचा करार केला होता आणि जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करारही झाला. परंतु १७ एप्रिल २०२० रोजी केंद्राने सीमेला लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीसाठी पूर्वपरवानगी अनिवार्य केली होती, आणि जूनमध्ये गलवान खोऱ्यातील संघर्ष झाला. परवानगी आली नाही. ३० जून २०२२ रोजी कराराची मुदत संपली. या निर्णयाचे राष्ट्रीय कारण समजण्यासारखे आहे. पण त्याचा हिशेब तळेगावच्या कामगारांच्या खात्यात मांडला गेला, हेही नोंदवायला हवे. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. तो जमीन, इमारती आणि ठरावीक यंत्रसामग्री यांचा होता. जुन्या कामगारांना सामावून घ्यावे ही संघटनेची मागणी होती. मनुष्यबळ मात्र यादीत नव्हते. २०२५ मध्ये तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली असून पूर्वपरवानगीची मर्यादा शंभरवरून तीनशे कामगारांवर गेली आहे. मोठ्या मोटार कारखान्यांना याने फरक पडत नाही. सणसवाडी, कोरेगाव भीमा, चाकण येथे सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांना पडतो. आणि मोठा कारखाना थांबला की आधी दिवे मालवतात ते त्यांचेच.

शुल्काची भिंत

या सर्व घडामोडींमागे आयात शुल्काची भिंत उभी आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर ४० हजार डॉलरपेक्षा कमी किमतीच्या तयार परदेशी मोटारीवर ७० टक्के शुल्क लागू झाले. त्याहून महाग मोटारीवर फेब्रुवारी २०२५ पासून ७० टक्के मूळ शुल्क आणि ४० टक्के उपकर, मिळून ११० टक्के. तीच मोटार भागांच्या संचाच्या रूपाने आणून येथे जुळवली तर शुल्क बरेच कमी: इंजिन आणि गिअरबॉक्स आधी जुळवलेले नसतील तर १५ टक्के, असतील तर ३५ टक्के. सुटे भाग म्हणून आणल्यास त्याहूनही कमी. या पायऱ्यांमुळेच मर्सिडीज, फोक्सवॅगन आदी कंपन्या चाकणला आल्या. संच कोणता आणि सुटे भाग कोणते, हा वाद किती मोठा होऊ शकतो हे सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला बजावलेल्या १.४ अब्ज डॉलरच्या मागणीवरून दिसले. मोटारींचे संच वेगवेगळ्या खेपांत सुटे भाग म्हणून दाखवल्याचा विभागाचा आरोप आहे. कंपनीने तो अमान्य करून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १९५३ चा 'जुळणी म्हणजे उत्पादन काय' हा प्रश्न असा सत्तर वर्षांनी पुन्हा दारात आला.

याच प्रश्नावर भारत जागतिक व्यापार संघटनेत हरलाही आहे. डिसेंबर १९९७ च्या सार्वजनिक सूचना क्रमांक ६० नुसार परदेशी मोटार कंपन्यांनी तीन वर्षांत ५० टक्के आणि पाच वर्षांत ७० टक्के भाग देशात तयार करावेत, आणि आयातीइतकी निर्यात करावी, अशा अटी होत्या. युरोपीय समुदाय आणि अमेरिका यांनी तक्रार केली. डिसेंबर २००१ मध्ये निवाडा भारताविरुद्ध गेला, आणि २००२ मध्ये हे प्रकरण संपले. गंमत पुढे आहे. १ जुलै २०२० रोजी लागू झालेल्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात शुल्कमाफीसाठी मोटारीचा ७५ टक्के भाग त्या तीन देशांत तयार झालेला असावा, आणि ४० ते ४५ टक्के भाग तासाला किमान १६ डॉलर मजुरी मिळवणाऱ्या कामगारांनी केलेला असावा, अशी अट घालण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. तेथे ती सवलतीची अट, येथे ती आयात परवान्याची होती. पण भारताने ७० टक्के म्हटले तेव्हा तो व्यापारातील अडथळा होता, हे विसरू नये. एप्रिल २०२५ मध्ये तर अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क बसवले आणि मे महिन्यात ते सुट्या भागांनाही लावले. भारतातून अमेरिकेला मोटारी फारशा जात नाहीत; सुटे भाग जातात, आणि पुण्यातील लोहकाम त्यात मोठे आहे.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपण

शुल्क कमी करा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की भिंतीआडचा उद्योग सुस्तावतो, गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते, आणि ज्यांना निर्यात करायची आहे त्यांनी आयातीची दारे बंद ठेवणे विसंगत आहे. ठेवा म्हणणारे सांगतात की, भिंत नसती तर चाकण नसते. तळेगावचा अनुभव दोघांनाही अडचणीचा आहे. १९५४ मध्ये जनरल मोटर्स गेली ती संरक्षणामुळे. २०१७ मध्ये तयार मोटारीवर साठ टक्क्यांहून अधिक शुल्क असतानाही ती गेली. म्हणजे भिंत कंपनीला आत आणू शकते. थांबवून ठेवू शकत नाही. प्रस्तुत लेखकाला दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण राज्य सरकारांची सगळी धडपड आणण्यासाठीच चाललेली असते.

शिरूरकरांना जवळचा दाखला रांजणगावचा. (तालुक्यात रांजणगावेही दोन, सांडस आणि गणपती; कारखाना गणपतीच्या रांजणगावी.) प्रीमियरची साथ सुटल्यावर फियाटने येथे बस्तान बसवले, २००७ च्या सुमारास टाटा मोटर्सशी निम्मी-निम्मी भागीदारी केली. फियाट नावाच्या मोटारींची विक्री २०१९ मध्ये थांबली, त्यांचे गाजलेले १.३ लिटरचे डिझेल इंजिन एप्रिल २०२० च्या प्रदूषण नियमांबरोबर निवृत्त झाले. कारखाना मात्र बंद पडला नाही. त्याच आवारात टाटांची नेक्सॉन तयार होऊ लागली आणि २०१७ पासून जीप कंपास. उजवीकडे चालकाचे आसन असलेली कंपास येथून ऑस्ट्रेलिया, जपान, ब्रिटनपर्यंत गेली. नाममुद्रा गेली तरी यंत्रे आणि माणसे कामात राहिली, ती देशी भागीदार आतच असल्यामुळे. तळेगावात तसा भागीदार नव्हता.

आणि आपण नेहमी सोसणाऱ्यांच्याच बाजूला असतो असेही नाही. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. तिने स्लोव्हाकियात नित्रा येथे कारखाना उभारला आणि २०१८ मध्ये डिस्कव्हरीचे उत्पादन ब्रिटनमधील सोलिहलहून तिकडे हलवण्याचे जाहीर केले. सोलिहलच्या कामगाराने जो प्रश्न विचारला, तोच तीन वर्षांनी तळेगावच्या कामगाराने विचारला. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन करारानुसार ब्रिटिश मोटारींवरील शुल्क ठरावीक कोट्यापुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर यायचे आहे. त्याचा लाभ टाटांच्या ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या रेंज रोव्हरला मिळू शकतो. नित्रात तयार होणाऱ्या डिफेंडरला नाही. तिच्यासाठी वाट युरोपीय संघाशी होणाऱ्या कराराची, ज्याच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि पूर्ण झाल्याचे जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाले. त्याच कराराची दारे चाकणच्या जर्मन कंपन्यांनाही उघडतील, पण कोणत्या दिशेने, येथून युरोपला की युरोपातून येथे, हे कोट्यांच्या आकड्यांवर आणि त्या कंपन्यांच्या मुख्यालयांतील हिशेबांवर ठरेल.