पिन एक, भार अनेक

चार्जर घ्यायला गेलेला माणूस आधी पिनेची चौकशी करतो. ‘सी-पिनचा आहे का?’ दुकानदार हो म्हणतो, पिन बसते आणि व्यवहार होतो. फोनपुरते हे बहुतेक वेळा निभते. पण व्हिडिओ संपादनासाठी, त्रिमितीय आरेखनासाठी किंवा मोठ्या गेमसाठी घेतलेला दमदार लॅपटॉप असेल, तर पिन बसूनही काम अडते. चार्जर लावलेला असतो, तरी काम करता करता बॅटरीचे टक्के उतरू लागतात. हे का होते, याचा धागा या वस्तूच्या नावांतच सापडतो. पिन म्हटले की आकार कळतो. चार्जर हा शब्द मात्र ओझ्याचा आहे.

आजच्या फ्रान्सच्या भूमीत राहणाऱ्या प्राचीन गॉल लोकांचा गाडीसाठी असलेला शब्द रोमनांनी उचलला आणि लॅटिनमध्ये त्याचा ‘कार्रुस’ झाला. गाडीत माल भरणे याला उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कार्रिकारे’ म्हणू लागले. जुन्या फ्रेंचमधून हेच क्रियापद ‘चार्ज’ होऊन इंग्रजीत आले. कार आणि कार्गो ही त्याची भावंडे. वैशिष्ट्यांवर जास्तीचा भार टाकून काढलेले चित्र ते कॅरिकेचर, तेही याच घरातले. पुढे बंदुकीत दारू ठासणे यालाही चार्ज म्हटले जाऊ लागले. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या लेडन बरण्यांमध्ये वीज साठवण्याचे प्रयोग करत होता. त्या प्रयोगांच्या वर्णनात त्याने हा शब्द विजेसाठी वापरला, आणि अनेक बरण्या एकत्र जोडल्यावर त्या संचाला ‘बॅटरी’ म्हटले. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. आपल्या लॅपटॉपमधले हे दोन्ही शब्द तोफखान्यातून आलेले आहेत.

मराठीने विजेच्या चार्जला ‘प्रभार’ म्हटले, आणि ही निवड फार नेमकी आहे. भार हा शब्द ‘भृ’ या संस्कृत धातूचा. त्याचा अर्थ वाहणे, धारण करणे. इंग्रजीत अधिकारी चार्ज घेतो, मराठीत तो पदभार स्वीकारतो. तिकडे इन-चार्ज, इकडे प्रभारी. दोन्ही भाषांनी जबाबदारीकडे खांद्यावर येणारे ओझे म्हणूनच पाहिले. मंत्र घालून वस्तूत सामर्थ्य भरणे याला आपण ‘भारणे’ म्हणतो, म्हणून ताईत भारलेला असतो आणि सभेतले वातावरणही भारलेले असते. महावितरणच्या बिलावर ‘वहन आकार’ अशी ओळ असते. वीज तारांतून आपल्या घरापर्यंत वाहून आणण्याचा हा मोबदला, इंग्रजीत ‘व्हीलिंग चार्ज’. तिथे चाक आहे, चार्जमध्ये गाडी आहे, आणि ज्या ‘वह्’ धातूपासून आपले वहन आले, त्याच कुळातला इंग्रजीचा वॅगन आहे.

तर चार्जर म्हणजे भार देणारा. मग किती भार, हा प्रश्न आपल्या तोंडी पहिला का येत नाही? त्याचे उत्तर यूएसबी या नावात आहे. त्यातला ‘बी’ म्हणजे बस, रस्त्यावर धावणारीच बस. लॅटिनमध्ये ‘ओम्निबुस’ म्हणजे सर्वांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये आणि मग लंडनमध्ये कोणालाही बसता येईल अशा घोडागाड्या सुरू झाल्या, त्यांचे नाव ओम्निबस पडले. लोकांनी पुढचे सगळे गाळून शेपटीचा प्रत्यय तेवढा ठेवला. विजेच्या अनेक जोडण्यांना मिळून असलेल्या जाड धातुपट्टीला बसबार म्हणू लागले, आणि तिथून हा शब्द संगणकात आला. १९९६ साली ‘युनिव्हर्सल सिरियल बस’ आली तेव्हा ‘सर्वांसाठी’ हा अर्थ त्या एका नावात दोनदा बसला होता. २०१४ मध्ये २४ संपर्कबिंदूंची, उलटसुलट कशीही बसणारी टाइप-सी पिन जाहीर झाली आणि ते वचन आणखी पक्के वाटू लागले. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना आणि २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना ती बंधनकारक केली. फेकल्या जाणाऱ्या चार्जरांचा ढीग कमी करणारा हा निर्णय मला मनापासून मोलाचा वाटतो. मात्र ‘सर्वांसाठी’ आहे तो पिनेचा आकार. भार ज्याचा त्याचा वेगळा.

भार सांगणारा शब्द आहे वॅट. वाफेच्या इंजिनात मूलगामी सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉटचे हे नाव. त्याने स्वतः इंजिनांची ताकद घोड्यांच्या हिशेबात मांडली. वॅट हे एकक विल्यम सीमेन्सने सुचवले ते १८८२ साली, वॉटच्या मृत्यूनंतर ६३ वर्षांनी. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसच्या विद्युत परिषदेने व्होल्ट आणि अँपिअर ही एकके अधिकृतपणे स्वीकारली होती. या तिघांचे नाते चार्जरच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत छापलेले असते: व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. २० व्होल्ट आणि ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट. साध्या सी-केबलची मर्यादा एवढीच. ५ अँपिअर वाहायचे तर केबलमध्ये स्वतःची ओळख सांगणारी चिप लागते, आणि मग २० व्होल्टवर १०० वॅट मिळतात. २०२१ मध्ये ‘पॉवर डिलिव्हरी’ या मानकाची ३.१ ही आवृत्ती आली. तिने २८, ३६ आणि ४८ व्होल्टच्या पायऱ्या जोडल्या, म्हणजे १४०, १८० आणि २४० वॅट. या पायऱ्यांना २४० वॅटची खूण असलेली केबल हवी. त्याच वर्षी १६ इंची मॅकबुक प्रोसोबत १४० वॅटचा चार्जर आला. काही गेमिंग लॅपटॉपचे मूळ चार्जर ३३० वॅटांचेही असतात. त्यांतल्या अनेकांची सी-खाच १०० वॅटच स्वीकारते, तर काहींच्या सी-खाचेतून बॅटरी भरतच नाही.

जास्त वॅटचा चार्जर लॅपटॉप जाळेल, ही भीती पुष्कळांना असते. ती निराधार आहे, आणि तिचे निरसन करणारा शब्द या मानकातच आहे: करार. पिन जोडल्यावर सुरुवात ५ व्होल्टने होते. चार्जर आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी सांगतो, लॅपटॉप त्यातले हवे ते मागतो, चार्जर मान्य करतो, आणि मगच व्होल्ट वाढतात. प्रवाह किती ओढायचा हे लॅपटॉप ठरवतो. म्हणून ६५ वॅट लागणाऱ्या यंत्राला १४० चा चार्जर बिनधास्त चालतो. उलट १४० लागणाऱ्याला ६५ चा लावला, तर भारी कामात उरलेला भार बॅटरीला उचलावा लागतो.

इतका भार पेलणारे आजचे चार्जर लहान झाले ते गॅलियम नायट्राइडमुळे. सिलिकॉनपेक्षा ते कमी ऊर्जा वाया घालवत फार वेगाने उघडझाप करते, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर छोटा करता येतो. त्यातले गॅलियम हे मूलद्रव्य १८७५ मध्ये शोधणाऱ्या लकॉक द ब्वाबोद्राँने त्याला आपल्या देशाचे लॅटिन नाव दिले, गॅलिया, म्हणजे गॉलांची भूमी. चार्ज शब्दाची गाडी जिथून निघाली तीच. त्याआधी मेंडेलीव्हने या मूलद्रव्याचे भाकीत केले होते, आणि ॲल्युमिनियमच्या खाली एक घर म्हणून त्याला नाव दिले होते ‘एका-ॲल्युमिनियम’. हे ‘एका’ संस्कृतातल्या ‘एक’चे.

मग दुकानात काय विचारावे? लॅपटॉपच्या मूळ चार्जरवर किती वॅट आहेत ते आधी पाहावे. नवा चार्जर तेवढे वॅट एकाच खाचेतून देतो का, हे विचारावे, कारण तीन खाचांच्या चार्जरवर छापलेला आकडा पुष्कळदा तिघींचा मिळून असतो. त्या आकड्याला लागणारे व्होल्ट त्याच्या यादीत आहेत का आणि केबल तेवढी वाहू शकते का, हेही पाहावे. मराठी माणसाला ही सवय नवी नाही. बल्बचा होल्डर घरभर एकच असायचा, पण आपण कधी नुसता ‘पिनचा बल्ब’ मागितला नाही. चाळीसचा, साठचा, शंभरचा असाच मागितला. तीच बोली चार्जरला लावू या. ‘सी-पिनचा’ एवढ्यावर न थांबता ‘शंभरचा द्या’, ‘एकशेचाळीसचा द्या’ असे म्हणू लागलो, की चार्ज या शब्दातला भार आपल्या बोलण्यातही येईल आणि खरेदीतही.