यूएनचे ‘स्पेशल रॅपोर्टर’ : बोलावतं कोण आणि ऐकतं कोण?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. पाणी हा माणसाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने जुलै २०१० मध्ये ठरावाने मान्य केलं होतं आणि भारताने ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं. मग हा हक्क प्रत्यक्षात मिळतो की नाही, हे बघणार कोण?

त्यासाठी यूएनने माणसं नेमलेली आहेत. त्यांना स्पेशल रॅपोर्टर म्हणतात, मराठीत विशेष प्रतिवेदक. पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या हक्काचे रॅपोर्टर ब्राझीलचे प्राध्यापक लिओ हेलर २०१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन आठवडे भारतात होते. दिल्ली, लखनौ, मुंबई, कोलकाता, इंफाळ असा त्यांचा दौरा झाला. मराठवाडा त्यात नव्हता. पण त्यांनी जे मांडलं ते आपल्याकडच्या माणसाला नवं वाटणार नाही. संडास बांधण्यावर जेवढा जोर आहे तेवढा पाण्यावर नाही. मैला हाताने साफ करायची प्रथा संपलेली नाही. आणि उघड्यावर बसणाऱ्यांना काही ठिकाणी हिणवलं जातं, रेशनकार्डाची धमकी दिली जाते, असं ते म्हणाले. आपल्याकडे पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी ‘गुड मॉर्निंग पथकं’ ज्यांनी बघितलीत त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

शेवटी त्यांनी एक उपमा दिली. स्वच्छ भारतच्या बोधचिन्हात गांधीजींचा चष्मा आहे. आता त्याला मानवी हक्कांची भिंग बसवायला हवी, असं ते म्हणाले. झालं! सरकारने तातडीने पत्रक काढलं. निष्कर्ष चुकीचे आणि एकतर्फी आहेत, राष्ट्रपित्याबद्दल असंवेदनशीलता दाखवली आहे, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवसापासून चर्चा चष्म्याचीच. पाण्याचा मुद्दा मागे पडला. माझ्या मते उपमा वाईट नव्हती, पण सरकारला मूळ मुद्दा टाळायला आयती सबब मिळाली.

हे लोक यूएनचे नोकर नसतात. जिनिव्हातली ४७ सदस्य देशांची मानवी हक्क परिषद त्यांना नेमते. पगार मिळत नाही. एका पदावर जास्तीत जास्त सहा वर्षं राहता येतं. कुणी वकील असतं, कुणी प्राध्यापक. घराच्या हक्काचे पहिले रॅपोर्टर मिलून कोठारी हे भारतीयच होते आणि २०२२ पासून वंशभेदाच्या विषयावर कर्नाटकच्या अश्विनी के. पी. काम बघतात. ‘बाहेरचे लोक’ म्हणण्याआधी हेही लक्षात असू द्यावं.

त्यांच्या हातात पोलीस नाहीत, कोर्ट नाही. सरकारने बोलावल्याशिवाय ते पाहणीसाठी देशात पाऊलही ठेवू शकत नाहीत. भारताने सप्टेंबर २०११ मध्ये सगळ्या रॅपोर्टरना कायमचं आमंत्रण दिलं. पण आमंत्रण असलं तरी तारीख सरकारच देतं. कोठडीतल्या छळाच्या विषयाचे रॅपोर्टर १९९३ पासून येऊ द्या म्हणून विचारताहेत, त्यांना होकार मिळालेला नाही.

याउलटही घडलेलं आहे. धर्मस्वातंत्र्याच्या रॅपोर्टर अस्मा जहांगीर, लाहोरच्या वकील, म्हणजे चक्क पाकिस्तानी. तरी मार्च २००८ मध्ये भारताने त्यांना येऊ दिलं. त्या अहमदाबादला गेल्या, श्रीनगरला गेल्या, मुंबईलाही आल्या. त्यांच्या अहवालातली एक शिफारस आपल्या घरांशी थेट जोडलेली आहे : अनुसूचित जातीचा दर्जा धर्मावर ठरू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तो फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. तेच पिढीजात काम करणारे मुस्लिम मेहतर मात्र बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हेच सुचवलं होतं, म्हणजे अस्माजींनी काही परदेशातून आणलेली गोष्ट नव्हती. २०२२ मध्ये याच सवालावर केंद्राने के. जी. बालकृष्णन आयोग नेमला.

सरकारांचं चिडणं ही काही आपल्याच देशाची खासियत नाही. मलेशियाचे दातो परम कुमारस्वामी न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचे रॅपोर्टर होते. १९९५ च्या एका मुलाखतीवरून त्यांच्यावर त्यांच्याच देशात अब्रुनुकसानीचे दावे लागले. शेवटी १९९९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की, या कामात बोललेल्या शब्दांसाठी त्यांना कोर्टात खेचता येणार नाही. पॅलेस्टाइनच्या रिचर्ड फॉक यांना डिसेंबर २००८ मध्ये इस्रायलने विमानतळावरूनच परत पाठवलं. त्याच पदावरच्या फ्रान्चेस्का अल्बानीज यांच्यावर जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले. मुस्लिमबहुल देश असो की लोकशाहीचा डंका पिटणारा, आरसा कुणालाच आवडत नाही.

आता कामाचं. रॅपोर्टरला कुणीही लिहू शकतं : पीडित व्यक्ती, नातेवाईक किंवा संस्था. फी नाही, वकील लागत नाही, आधी हायकोर्ट-सुप्रीम कोर्ट करून या अशीही अट नाही. काय घडलं, कधी, कुठे, कुणाबरोबर आणि कुणी केलं, एवढं सरळ लिहावं. इंग्रजीत लिहिलेलं बरं. नुसत्या वर्तमानपत्राच्या कात्रणांवर किंवा शिवीगाळीच्या भाषेवर तक्रार घेतली जात नाही. पीडिताची संमती हवी, कारण पत्र सरकारकडे जाताना त्यात सहसा नाव असतं. घरच्यांशी बोलूनच हे ठरवावं. रॅपोर्टरला पटलं तर ते सरकारला खुलासा मागतात. हे पत्र साधारण ६० दिवस गुप्त राहतं, नंतर सरकारचं उत्तर आलं असेल तर त्याच्यासह यूएनच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुलं होतं. उत्तर आलं नसेल तर तेही तिथे दिसतं.